आधी फोन, मग हात

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. दोन वर्षांपूर्वी आईला कॅन्सर झाला तेव्हा तिच्यासोबत नागपूरला राहिले. तिथं एका बाईंकडून रेकीची, म्हणजे अंगावर हात ठेवून करायच्या उपचाराची, पहिली आणि मग दुसरी पातळी शिकले. शेवटच्या दिवसांत रात्री आईच्या पायांवर हात ठेवून बसायची, तिला झोप लागायची. ती गेली. गावी आल्यावर शेजारच्या बाया टोंगळ्यासाठी (गुडघ्यासाठी), डोकेदुखीसाठी येऊ लागल्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या जोडीतला एक बैल तापानं बसला. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर हात ठेवले, चौथ्या दिवशी तो उठून कुटार खाऊ लागला. तेव्हापासून लोक ढोरंही आणतात. 'बाईच्या हाताले गुण हाय' म्हणतात. मी पैसे घेत नाही. कुणी नारळ, भाजी दिली तर घेते.

यंदा पोळ्याच्या सुमाराला शेजारच्या काकूंनी गाय आणली. कास सुजलेली, एका सडातून दुधाच्या गुठळ्या येत होत्या. मी चार दिवस हात ठेवले. पाचव्या दिवशी डॉक्टर आले, म्हणाले उशीर झाला. तो सड आटला. काकू मला काही बोलल्या नाहीत, 'तिचं नशीब' म्हणाल्या. पण मला झोप येत नाही. माझे मालक म्हणतात, एवढ्यानं खचू नको, मास्टरचा कोर्स कर, 25,000 लागतात, दोन बकऱ्या विकू. त्यांनी पाटीही रंगवून आणली: 'रेकी उपचार केंद्र. माणसे व जनावरे. शुगर, बीपी, कॅन्सर, लकवा, मूल न होणे.' अजून लावली नाही. माझ्या हातात खरंच काही आहे का? आईला झोप लागायची ते खोटं होतं का? आणि आता लोक आले तर काय सांगू?"

ताई,

तुमचे प्रश्न क्षणभर बाजूला ठेवते आणि आधी गाईचं बोलते, कारण तिचे तीन सड अजून शाबूत आहेत आणि ते वाचवायचे आहेत.

आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात आणि डॉक्टर कासदाह लिहितात, तो जंतूंचा आजार आहे. सडाच्या टोकाला जे बारीक छिद्र असतं त्यातून जंतू आत शिरतात. दूध काढल्यावर ते छिद्र अर्धा तास तरी नीट मिटत नाही. नेमकी त्याच वेळी गाय शेणा-मुतात बसली की जंतूंना दार उघडं मिळतं. म्हणून काकूंना सांगा: धार काढून झाली की गाईपुढे लगेच कुटार-ढेप टाकायची, म्हणजे ती खात उभी राहील. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत किंवा काळ्या फडक्यावर काढून पाहायच्या. कण, गुठळी, पाणचटपणा, लालसर झाक यातलं काहीही दिसलं, किंवा सड हाताला गरम-कडक लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. सुजलेला सड सगळ्यात शेवटी पिळायचा, ते दूध गोठ्यात सांडायचं नाही आणि नंतर हात साबणानं धुवायचे. औषधाची नळी सडात सोडली असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध घरात प्यायचं नाही आणि डेअरीतही घालायचं नाही.

तुमचं पत्र मी इथल्या एका पशुवैद्यकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर सड वाचायची बरीच आशा होती. चार दिवसांत आतली दूध तयार करणारी जागाच घट्ट होऊन बसते. मग औषधानं जंतू मरतात, पण दूध परत येत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, तरी सांगते, कारण काकूंनी नशिबावर ढकललं असलं तरी तुम्ही ढकललेलं नाही, आणि ते बरोबर आहे. चार दिवस तुमच्या हातून गेले. पण ते एकट्या तुमच्याच हातून गेले असंही नाही. काकू डॉक्टरांकडे गेल्या नाहीत, तुमच्याकडे आल्या, कारण वर्षभर सारं गाव तुमच्या हाताला गुण आहे असं म्हणत होतं. आणि गाव तसं म्हणू लागलं ते तुमच्या बैलामुळे.

त्या बैलाला काय झालं होतं ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे. पावसाळा, एकाएकी सणसणून ताप, बैल बसला, तीन दिवस गेले, उठला. त्याला तिवा म्हणतात. डास आणि बारीक चावऱ्या माश्यांमधून पसरणारा विषाणूचा ताप आहे तो. ढोर खात नाही, तोंडातून लाळ गळते, आज या पायानं लंगडतं तर उद्या त्या पायानं, आणि बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपलं आपण उठून उभं राहतं. म्हणून तर नाव तिवा. तुम्ही हात ठेवले नसते तरी तो चौथ्या दिवशी कुटार खायला लागला असता. एक चांगली गोष्ट मात्र तुमच्याकडून झाली, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. तिव्यात ढोराला नीट गिळता येत नाही. अशा वेळी लोक बळेबळे नळ्यानं काढा पाजतात, तो फुप्फुसात जातो आणि बरं होणारं ढोर दगावतं. तुम्ही काही पाजलं नाही, नुसते हात ठेवले. त्या तीन दिवसांतला तुमचा खरा उपकार तो. ताप उतरल्यावरही ढोर उठलं नाही तर मात्र डॉक्टर हवाच.

अशी दुखणी पुष्कळ असतात, जी आपल्या वेळेनं येतात आणि आपल्या वेळेनं जातात. टोंगळ्याचं दुखणं चढतं आणि उतरतं. माणूस ते चढलेलं असतं तेव्हाच तुमच्या दारात येतो, आणि त्यानंतर ते उतरणारच असतं. डोकेदुखीचं तेच. गावातल्या जाणत्याच्या अंगाऱ्याला, भगताच्या मोरपिसाला आणि रेकीला, सगळ्यांना याच उतारावर यश मिळतं.

आता रेकीबद्दल. तुमच्या गुरूंनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण कागदोपत्री जे आहे ते असं. जपानमध्ये मिकाओ उसुई नावाचे गृहस्थ होते, जन्म 1865 चा. 1922 साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर त्यांनी 21 दिवस उपवास आणि ध्यान केलं, त्यातून त्यांना ही विद्या लाभली असं त्यांचे अनुयायी सांगतात. त्यानंतर त्यांनी टोकियोत संस्था काढली. 1926 साली ते वारले. त्यांच्या शिष्यांपैकी चुजिरो हायाशी हे नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हवाईतल्या हावायो टाकाटा नावाच्या बाई स्वतःच्या दुखण्यासाठी गेल्या आणि शिकून परतल्या. जपानबाहेर रेकी गेली ती या बाईंमुळे. 1980 साली त्या वारल्या तेव्हा त्यांनी तयार केलेले मास्टर होते 22, आणि मास्टर होण्याची फी त्यांनी ठेवली होती 10,000 डॉलर. म्हणजे पातळी वाढली की फी वाढायची ही रीत तुमच्या नागपूरच्या बाईंनी काढलेली नाही, ती आधीपासूनची आहे. मालकांना हे जरूर सांगा.

उसुईंच्या पाच नियमांत 'आजच्या दिवस राग धरू नकोस, आजच्या दिवस काळजी करू नकोस' असं आहे. तेवढं मला मनापासून आवडतं, आणि त्याला फी लागत नाही.

हातातून शक्ती वाहते का, हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधा प्रयोग केला. शरीराला न शिवता हातानं शक्ती जाणवते असं सांगणारे 21 उपचारक तिनं तपासले. ती पद्धत रेकीची सख्खी बहीण म्हणावी अशी, नाव वेगळं. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, पडद्याला दोन भोकं. उपचारकानं त्यातून दोन्ही हात बाहेर काढायचे, आणि ही मुलगी नाणं उडवून त्यांच्या उजव्या किंवा डाव्या हातावर आपला हात धरणार. कुठल्या हातावर आहे ते त्यांनी ओळखायचं. 280 वेळा विचारलं, 123 वेळा बरोबर आलं. नुसता अंदाज मारला असता तर 140 च्या आसपास आलं असतं. 1998 साली हे अमेरिकन डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. तुमच्या घरी लेक किंवा पुतणी असेल तर चादर आडवी धरून हा खेळ करून पाहा. दहा-वीस वेळा करा आणि कागदावर लिहीत जा. माझ्या बोलण्यापेक्षा त्यातून तुम्हाला जास्त कळेल.

रेकीचीही तपासणी झाली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगदुखीच्या जुनाट आजाराचे 100 रुग्ण घेतले होते. काहींना खरे रेकी मास्टर, काहींना मास्टरचं सोंग घेतलेले नट. आठ आठवडे चाललं. खऱ्या-खोट्यात काही फरक निघाला नाही, आणि दुखणं कुणाचंच म्हणण्यासारखं कमी झालं नाही. दुसऱ्या पातळीत तुम्हाला चिन्हं काढून दुरून रेकी पाठवायला शिकवलं असेल. ते तुम्ही सोडूनच द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं तर हातसुद्धा नाही.

मग तुमचे हात गरम होतात ते काय? शांत बसून, श्वास सावकाश घेत हात एका जागी ठेवले की हाताकडे रक्त जास्त येतं. शिवाय दोन अंगांची ऊब मध्ये अडकून राहते. कुणाचंही असंच होतं.

आणि आई? ते अजिबात खोटं नव्हतं, ताई. माणसाच्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की ते चटका, टोचणी यांच्यासाठी नसतातच. हळू फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार हाताला ते जागे होतात, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ चालीला. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते त्याच चालीला. दवाखान्यात रात्री दिवे जळत असतात, शेजारच्या खाटेवर कुणी कण्हत असतं, दुखण्यापेक्षा भीती जास्त असते. अशा वेळी लेकीचे हात पायांवर असले तर झोप लागते. कॅन्सर त्यानं हटला नाही आणि हटणार नव्हता. पण तुम्ही तिला डॉक्टरांच्या उपचारापासून तोडून घरी आणलं नाही, उपचार चालू ठेवून रात्र तिच्यासाठी सोपी केली. तुमच्या हातात एवढं होतं आणि तेवढं तुम्ही पूर्ण केलंत. उलट केलं असतं तर काय होतं तेही नोंदलेलं आहे. 2018 साली अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. बरा होण्याजोगा कॅन्सर असताना ज्यांनी डॉक्टरी उपचार सोडून नुसते पर्यायी उपचार धरले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त.

आईच्या बाबतीत जो क्रम तुम्ही पाळलात, तो गाईच्या बाबतीत उलटा झाला. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

जनावरांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. माणूस निदान सांगतो तरी की बरं वाटलं किंवा नाही वाटलं. ढोराचं आपण आपल्या डोळ्यांनी ठरवतो, आणि डोळ्यांना बरं दिसायची घाई असते. लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2012 साली आला. काही कुत्र्यांना बिनऔषधाची गोळी दिलेली होती. त्यांचे मालक सांगत होते, आता कमी लंगडतो. पाय जमिनीवर किती जोरानं टेकतो ते मोजणारं यंत्र सांगत होतं, काहीच फरक नाही. गंमत म्हणजे तपासणारे पशुवैद्यही मालकांसारखेच फसत होते. गाय-बैल तर दुखणं लपवण्यात पटाईत. कळपात जो लंगडा दिसतो त्याला वाघ आधी धरतो, हे त्यांच्या रक्तातच आहे. तेव्हा गाय शांत उभी राहिली म्हणजे तिचं दुखणं थांबलं असं समजू नका.

पण हात ढोरालाही आवडतो, यात शंका नाही. गाई एकमेकींना चाटतात ते मान आणि डोक्याकडे. तिथंच, गळ्याखालून, माणसानं हळू हात फिरवला की गाय मान लांब करते, कान सोडते, डोळे अर्धे मिटते. तुम्ही पाहिलंच असेल. आपल्याकडे हे काही नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांद शेकतो. हळद-तूप लावून, जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्याला बोटांनी मळतो आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतो. डवरणी झालेली असते, खांदा कुठं सोलला आहे, कुठं गाठ आली आहे, ते त्याच वेळी धन्याच्या बोटाला लागतं. बरी केली म्हणून कुणी त्याची पावती फाडत नाही. गाठ लागली तर बैलाला जुवाला न लावणं हे मळणाऱ्याचं काम असतं.

तर आता लोक आले तर काय सांगायचं. ढोर घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न: 1962 ला फोन लावला का? तो पशुसंवर्धनाचा फुकटचा नंबर आहे, फिरत्या पथकासाठी. नाही लागला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. 'काकू, मी हात ठेवते, पण आधी फोन लावा, माह्यासमोर लावा' एवढं म्हणा. फोन झाला की मग तुमचं काम सुरू. डॉक्टर येईपर्यंत घाबरलेल्या गाईच्या मानेजवळ उभं राहणं, तिला सावलीत आणणं, पाणी पुढं करणं, भोवतीची पोरं हाकलणं, आणि डॉक्टर सुई टोचत असताना तिला शांत धरणं. असा माणूस गोठ्यात असला तर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. तुमच्याकडे तो हात आहे. तो तिथं वापरा.

काही ठिकाणी मात्र फोन केल्यावरही हात लावायचा नाही. हे नीट वाचा, कारण यात तुमचा जीव आहे. गाय-बैल लाळ गाळतोय, घशात काही अडकल्यासारखं करतोय, आवाज बदललाय, अंगावर येतोय, तर ते पिसाळणं असू शकतं. घशात कांडकं अडकलं असेल म्हणून लोक तोंडात हात घालतात आणि लाळ हाताच्या ओरखड्यात जाते. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही. तसंच, गाय गाभडली असेल तर तिच्या मागच्या बाजूला, वारेला, पडलेल्या वासराला उघडा हात लावू नका. त्यातून माणसाला महिनोन् महिने छळणारा ताप लागतो. आणि लाळ्या-खुरकूत असलेल्या गोठ्यातून उठून दुसऱ्या गोठ्यात जाऊ नका. तो रोग हाताला, लुगड्याला, चपलेला चिकटून जातो. ज्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं, तोच हात वेशीपासून वेशीपर्यंत रोग पोचवील. कासेच्या आजाराचे जंतूही हातानंच एका गाईकडून दुसरीकडे जातात. साबण, पाणी, आणि एका दिवशी एकच आजारी गोठा.

माणसांमध्ये साप, विंचू आणि कुत्रा या तिघांचे चावे तुमच्या ओसरीवर यायलाच नकोत. आले तर हात न लावता 108 ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुणाचंही विष असो, त्यावर दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शन हाच इलाज. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लसीला पळायचं. यात तर कायदाही आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं स्पष्ट लिहिलंय की साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. तुम्ही कुणाला अडवत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या ओसरीवर गेलेला अर्धा तासही दवाखान्यातून वजा होतो.

ज्या बाया टोंगळ्यासाठी येतात त्यांच्यावर हात ठेवा, खुशाल. कापूस वेचून पाठ मोडलेली बाई अर्धा तास डोळे मिटून बसते, तिचं कुणी ऐकून घेतं, हे गावात दुसरीकडे कुठं मिळतं? मला तर वाटतं त्या निम्म्याहून जास्त बोलायलाच येत असतील. नवऱ्याची दारू, बँकेचं कर्ज, सासूचं बोलणं. त्यात एखादी 'जगून काय करायचं' असं म्हणाली तर हात ठेवून पाठवून देऊ नका. घरच्या कुणाला तरी सांगा आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर लावून द्या, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आपल्या भागात कर्जाच्या पायी किती घरं बसली ते मी तुम्हाला सांगायला नको. हात ठेवता ठेवता डोळे उघडे असू द्या. दोन आठवड्यांवर खोकला, छातीत गाठ, वजन उतरत चाललेलं, किंवा वारंवार हाडं दुखून रडणारं, डोळे पिवळट दिसणारं पोर, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना. हाडं दुखणाऱ्या पोराची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायला सांगा, विदर्भात तो आजार भरपूर आहे. तुमच्याकडून सेवाग्रामचा मोठा दवाखाना काही फार लांब नाही. तुमच्या सांगण्यावर बाई जाईल, आशाताईंच्या सांगण्यावर कदाचित जाणार नाही. 'हाताले गुण हाय' या बोलण्याचा एवढा उपयोग करून घ्या.

म्हाताऱ्या माणसांना कायदा सांगून पटणार नाही. त्यांना गाडगेबाबा सांगा. बाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार आहे आणि मुक्या प्राण्यांना अभय आहे. आपल्याच अमरावतीकडचे बाबा, त्यांच्यापुढे कुणी वाद घालणार नाही.

आता मालक आणि पाटी. मालकांचा हेतू वाईट नाही, दोन पैसे यावेत एवढाच आहे. पण ती पाटी लागली तर तुम्ही दोघं अडचणीत याल. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 पासून आहे. कॅन्सर, मधुमेह, रक्तदाब, लकवा, बाईला मूल न होणं, हे सगळे त्याच्या यादीत आहेत. हे बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा, पहिल्या खेपेलाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा सोडा, त्या पाटीवरचा 'लकवा' शब्दच पाहा. डोक्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा आला तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालेला माणूस बंडीत घालून कुणी तुमची पाटी वाचत तुमच्या दारी आणला, तर त्याचे हातपाय कायमचे जातील. ते तुम्हाला झेपणार आहे का? एका सडानं तुमची झोप उडाली आहे.

पैसे घेऊ नका. एकदा पैसे घेतले की माणूस गुणाची वाट पाहतो आणि तुम्हालाही 'नाही, हे माझ्याकडचं नाही' म्हणणं जड जातं. नारळ-भाजी घ्यायला हरकत नाही. मास्टरच्या कोर्सला माझं साफ नाही. जे तुमच्या हातात आहे ते पहिल्या पातळीच्याही आधीपासून होतं, आणि जे नाही ते 25,000 देऊन येणार नाही. बकऱ्या ठेवा. त्यांना आंत्रविषाराची आणि पीपीआर या बकऱ्यांच्या साथरोगाची लस टोचली आहे का ते मात्र पथक येईल तेव्हा विचारा. मालकांना कमाईच हवी असेल तर त्या दोन बकऱ्यांच्या चार करणं हा तुमच्या घरात आहे त्यातलाच धंदा आहे.

काकूंकडे जा. फिरवून बोलू नका: 'काकू, माह्याकडे आणली तेव्हाच मी डॉक्टरकडे धाडायला पाहिजे होतं.' त्या पुन्हा नशीब म्हणतील, म्हणू द्या. मग दोघी मिळून काळी वाटी घेऊन गाईखाली बसा आणि उरलेल्या तीन सडांच्या पहिल्या धारा रोज पाहायची सवय लावा. गाय पुन्हा व्यायली की तो आटलेला सड डॉक्टरांना एकदा दाखवा. त्या वेताला काही थोडं दूध उतरतं का ते तेव्हाच कळेल.